झोपेच्या अर्ध्या गोळीचा तो मेसेज चुकीचा आहे

नाशिकच्या सिडको, इंदिरानगरच्या सोसायटी ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की दहावी-बारावीच्या पोरांना रात्री झोप येत नाही ही सगळी मोबाईलची नाटकं, मोठ्यांची झोपेची गोळी अर्धी द्या, गप झोपतील. कृपा करून असं करू नका हो. ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुणालाच द्यायची नसते, पोरांना तर नाहीच.

आणि नाटकं कसली? वयात येताना शरीरात मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं हार्मोन, रात्री उशिरा तयार व्हायला लागतं, म्हणून दहाला आडवं केलं तरी डोळा लागत नाही, झोप मात्र ८ ते १० तास लागते आणि सकाळी कॉलेज रोडचा क्लास असतोच. मोबाईलने भर पडते हे खरंय, पण अंधारात पडल्या पडल्या उद्याचा पेपर, मैत्रिणीचं तुटक बोलणं, सगळं डोक्यात गरागरा फिरतं त्याचं काय? ओरडून ते थांबत नाही. झोपायच्या जरा आधी वहीत लिहून काढू द्या, अगदी "फिजिक्सचं जर्नल राहिलंय" इतकं बारीकसुद्धा. वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर उठून मंद उजेडात बसू दे. आठवडेच्या आठवडे असंच चाललं तर डॉक्टरांना दाखवा, नाहीतर टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, २४ तास, मराठीतूनही बोलतात.