बोनेट गार असेल तरच बोलू

विन्याला जुनी, पण लक्झरी डिझेल फोर-बाय-फोर घ्यायची आहे. त्याने कट्ट्यावर एवढं बोलायचा अवकाश, दोन तास कोणी उठलं नाही. भांडणाऱ्यांचे हात याच गाड्यांखाली काळे झालेले, म्हणून कामाचं तेवढं उतरवून ठेवतोय. शिव्या गाळल्यात.

सुरुवात ठरल्याप्रमाणे ब्रँडवरून.

“लँड क्रूझर प्राडो घे. डोळे मिटून घे,” श्री म्हणाला.

“डोळे मिटून स्टेपनीसुद्धा घेऊ नये,” मिलिंद. “प्राडोचं ३ लिटरचं १केडी इंजिन घे. इंजेक्टरच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नळीच्या, बुडाचे तांब्याचे वॉशर गळायला लागले की जळका वायू टॅपेट कव्हरखाली शिरतो. ऑइलमध्ये काजळी साठते, संपमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या ऑइलच्या टाकीतल्या, ऑइल ओढणाऱ्या पिकअपच्या जाळीवर थर धरते, जाळी तुंबली की ऑइलचं प्रेशर पडतं. वॉशरपायी इंजिन जातं. तेव्हा प्राडो बघताना पहिला प्रश्न रनिंगचा नाही. वॉशर कधी बदलले आणि जाळी उघडून पाहिली का, ते विचारायचं.”

“आणि तुझी लँड रोव्हर डिस्कव्हरी? तिचा क्रँक, इंजिनाचा मुख्य दांडा?” श्रीने लगेच परतफेड केली.

“तेही खरं. तिच्या २.७ आणि ३ लिटरच्या व्ही६मध्ये, म्हणजे दोन रांगांत सहा सिलिंडर असलेल्या इंजिनात, क्रँकचं बेअरिंग जागेवरून फिरायची खोड आहे. बेअरिंग फिरलं की ऑइलचं छिद्र झाकलं जातं आणि क्रँक मोडतो. बऱ्याचदा आधी ठकठकसुद्धा ऐकू येत नाही.”

“मग तपासायचं कसं?” विन्या.

“गाडीवर कान लावून नाही कळत. बिलं वाचायची. कंपनीने ऑइल बदलायचं अंतर २० हजार किलोमीटरच्या वर ठेवलं होतं. ज्याने ते स्वतःहून निम्म्यावर आणलं त्याची गाडी शोध. शिवाय या इंजिनाला बेल्ट दोन, पुढे व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा टायमिंगचा आणि मागे हाय प्रेशर पंपाचा. बिलावर एकच दिसला तर दुसरा जुनाच आहे असं धरून चाल.”

अप्पा इतका वेळ गप्प होते. “मर्सिडीजचं सांगू? तिच्या ३ लिटर व्ही६ला, ओएम६४२ला, ऑइल कूलर दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांमधल्या घळीत बसवलाय. सीलं कडक झाली की तेल घळीतून मागे वाहतं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून ठिबकतं. खालून बघणारा म्हणतो, क्रँकचं मागचं सील गेलं. तो गिअरबॉक्स उतरवतो, नवं सील घालतो, आणि गळती तशीच! सील म्हणजे चिल्लर वस्तू रे, पण तिथे पोचायला वरचं टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड सगळं काढावं लागतं. मजुरी त्याची.”

ऑडीची ३ लिटर टीडीआय आणि बीएमडब्ल्यूचं एन५७, दोन्ही इंजिनांची टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सकडे. चेन सैल झाली तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. यावर मात्र कोणाचा वाद नव्हता.

“थोडक्यात प्रत्येकीला एक रोग आहे,” अप्पा म्हणाले. “तो आधी माहीत करून घे आणि मग या एकाच गाडीचं काय झालंय ते बघ. ६० हजार फिरलेली पण रोज चार किलोमीटर गावात रखडलेली गाडी, आणि दोन लाख हायवेवर पळालेली गाडी. मी दुसरी घेईन.”

“अप्पा, तुम्ही काहीही म्हणता,” श्री. “दोन लाखांवर बुश, बॉल जॉइंट, शॉक, व्हील बेअरिंग, सगळंच आलं की.”

“आलं. पण ते दिसतं आणि मोजता येतं. डीपीएफ, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तो दिसतो का तुला?”

इथून गाडी डीपीएफवर घसरली आणि बराच वेळ तिथेच राहिली. मिलिंदचं म्हणणं असं. फिल्टरमधली काजळी जाळायला तापमान साधारण ६०० अंशांवर न्यावं लागतं, त्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. गावात फिरणारा माणूस नेमका जळण चालू असताना चावी काढतो. असं वारंवार झालं की जादा डिझेलपैकी काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून संपमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि पातळी वर चढते. “ऑइल कमी दिसलं तर सगळे घाबरतात. मला जास्त दिसलं तर भीती वाटते. डिपस्टिकवर वरच्या खुणेच्या पुढे ऑइल आणि त्याला डिझेलचा वास, तर गाडी तिथेच सोड.” ऑइल काळं असणं हा दोष नाही, डिझेलमध्ये ते बदलल्यानंतर लगेचच काळं होतं.

स्कॅनर लावून तीन गोष्टी पाहायच्या. दोन रिजनरेशनमधलं, म्हणजे काजळी जाळण्याच्या दोन वेळांमधलं, अंतर किती? तीन-चारशे किलोमीटर असेल तर उत्तम, शंभरच्या खाली येत असेल तर फिल्टर भरत आलाय किंवा एखादा इंजेक्टर जास्त सोडतोय. राखेचा आकडा किती? काजळी जळते, राख जळत नाही. राखेने भरलेला फिल्टर काढून धुवावा किंवा बदलावा लागतो. आणि फिल्टरच्या दोन टोकांमधलं प्रेशर किती? आयडलिंगला ते अगदी थोडं हवं आणि रेस केल्यावर वाढायला हवं. रेस करूनही शून्यच राहिलं तर आतली जाळीच फोडून टाकलेली असू शकते.

“त्याला स्कॅनर कशाला?” अप्पा. “सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरव. फिल्टर शाबूत असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ निघतं. काजळ लागलं तर फिल्टर फुटलाय किंवा काढलाय.”

मिलिंदला हे मान्य, पण स्कॅनरचा हट्ट त्याने सोडला नाही. बघायला जायच्या आदल्या दिवशी मालक सगळे फॉल्ट कोड पुसून ठेवतो, हे उघड गुपित. पण कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, याची नोंद इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये राहते. तिथे १२ किलोमीटर दिसले की समजायचं. तसंच मीटर मागे फिरवणारा डॅशबोर्डचा आकडा बदलतो. गिअरबॉक्सच्या किंवा इतर मोड्यूलमध्ये जुना आकडा राहून जातो. दोन आकडे जुळवून बघायचे.

“बरं, पण पहिल्यांदा जाऊन करायचं काय?” विन्या आता वहीच काढून बसला होता.

“पहिलं म्हणजे बोनेटवर हात ठेव,” मिलिंद. “गरम लागलं तर परत ये, दुसऱ्या दिवशी जा. ‘तुम्ही येणार म्हणून जरा सुरू करून ठेवली’ हे वाक्य मी चांगल्या अर्थाने घेत नाही. गार असतानाच कूलंटचं झाकण उघड, वर तेलाचा तवंग नको. मग दार उघडं ठेवून स्टार्ट कर. पहिल्या दोन-तीन सेकंदांत मागून खडखड आली तर चेन. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा म्हणजे न जळलेलं डिझेल, इंजेक्टर नाहीतर ग्लो प्लग. पांढरा, गोडसर वासाचा आणि न थांबणारा म्हणजे कूलंट. इंजिन गरम झालं की ऑइलचं झाकण फिरवून काढ आणि तिथेच उपडं ठेव. थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात.”

एअर सस्पेन्शनबद्दल श्रीचं एकच मत: काढून स्प्रिंग टाक. अप्पांना ते पटलं नाही. त्यांच्या मते लोक चुकीचा भाग बदलतात. रबरी फुगा वयाने तडकतो आणि हळूहळू गळतो, ती तूट भरायला कॉम्प्रेसर दिवसभर धावतो आणि जळतो. मग कॉम्प्रेसर नवा बसतो, फुगा तोच, आणि नवाही तसाच जातो. म्हणून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप चारही कोपऱ्यांवर टेपने घ्यायचं, रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी पुन्हा घ्यायचं. एकच कोपरा एक-दीड सेंटीमीटर खाली बसला तर तिथे साबणाचं पाणी लाव, बुडबुडे सांगतील. मालक रात्रभर थांबू देत नसेल तर निदान सर्वांत खालच्या उंचीवरून सर्वांत वरच्या उंचीवर न्यायला सांग आणि कॉम्प्रेसर धापा टाकतोय का ऐक.

टायरचं कोणी बोललं नसतं, तर मिलिंद घरीच गेला नसता. चारही टायर एकाच मेकचे हवेत आणि झिजेत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. पुढच्या आणि मागच्या टायरचा घेर वेगळा असेल तर सरळ रस्त्यावरसुद्धा ट्रान्सफर केसमधला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीतला, क्लच सतत घासत राहतो. “टायर स्वस्तात बदलणारा मालक ट्रान्सफर केस तुझ्या गळ्यात मारतो.” तपासणी सोपी आहे. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून आधी डावीकडे, मग उजवीकडे अगदी सावकाश गोल फिरायचं. धक्के बसले, गाडी अडखळली, तर ट्रान्सफर केस नाहीतर डिफरन्शिअल. लो रेंज, म्हणजे चढ-चिखलासाठीचे सावकाश पण जोरकस गिअर, असेल तर गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये आणून टाकायची. ती पडायला आणि निघायलाही हवी. कित्येक गाड्यांत वर्षानुवर्षं लो रेंज कोणी टाकलेलीच नसते, त्यामुळे तिची मोटर गंजून बसते.

आणि मग गिअरबॉक्स, जिथे खरी जुंपली. श्री ठाम: कधीच न बदललेलं गिअर ऑइल लाखाच्या वर बदलू नये, बॉक्स बसतो. मिलिंद तितकाच ठाम: मरायला टेकलेला बॉक्स ऑइल बदलल्यावर मरतो, म्हणून दोष ऑइलला जातो. वाहन कंपन्या ‘आयुष्यभराचं ऑइल’ म्हणतात, पण यातले बरेच बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदला म्हणते. सहा गिअरच्या बॉक्सला तर खालचं प्लास्टिकचं पॅन आणि फिल्टर एकाच तुकड्यात येतं. पॅन नवं दिसलं तर कोणीतरी काम केलंय. चालवताना ६० ते ८० च्या वेगात ॲक्सिलरेटर हलकाच दाबून ठेवायचा. खडबडीत पट्टीवरून गेल्यासारखी थरथर आली तर टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग, खराब. गार असताना आणि अर्धा तास पळवल्यावर, दोन्ही वेळा डी मधून आर मध्ये टाकून बघ. गिअर पकडायला एक-दीड सेकंदाहून जास्त लागला तर नको.

बॉडीवर पुट्टी भरलीय का ते बघायला लोहचुंबक खिशात ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना आली. २०१२ मध्ये आलेल्या रेंज रोव्हरची अख्खी बॉडी ॲल्युमिनियमची आहे, तिथे चुंबक काहीच सांगत नाही; ॲल्युमिनियमवर चालणारं पेंटचं गेज लागतं. चेसिसवाल्या, म्हणजे वेगळ्या पोलादी सांगाड्यावर बॉडी बसवलेल्या, गाडीत चेसिसचा मागच्या चाकांमागचा भाग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. टणक आवाज हवा, भद्द नको. खाली नुकताच काळा अंडरकोट मारलेला दिसला तर त्याखाली काय आहे ते आधी बघ. सनरूफच्या कोपऱ्यात अर्धी बाटली पाणी ओत. ते गाडीखाली पडायला हवं. गालिच्यात उतरलं तर खालचे वायरिंगचे कनेक्टर गंजून हिरवे झालेले असणार.

“एवढं सगळं करू देईल मालक?” विन्याने वही मिटली.

“लिफ्टवर चढवायला नाही म्हणाला तर कळलंच,” मिलिंद.

“प्राडोवाला नाही म्हणत नाही,” श्री म्हणाला, आणि सगळं पुन्हा वॉशरवर आलं.