१९५१ चे डॉन्स: ‘सामने सोपे होते’ ही सबब टिकत नाही

युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘डॉन्स’ संघाने १९५१ च्या अमेरिकन फुटबॉल हंगामात नऊच्या नऊ सामने जिंकले, तरी नववर्षाचा बाऊल सामना, म्हणजे हंगामानंतर निवडक संघांना आमंत्रण देऊन होणारा मानाचा सामना, त्यांना मिळाला नाही. त्यावर एक दावा सतत फिरतो: प्रतिस्पर्धी दुबळे होते म्हणून बोलावले नाही, कृष्णवर्णीय खेळाडूंमुळे डावलल्याची गोष्ट नंतर चिकटवली, आणि संघ एवढा भारी असता तर विद्यापीठाने लगेच फुटबॉल बंद केले असते का?

प्रतिस्पर्ध्यांपासून सुरुवात करू. काही सामने सोपे होते, हे मान्य. कॅम्प पेंडलटनचे मरीन आणि सॅन डिएगोचे नौदल हे काही बलाढ्य संघ नव्हते. पण कॉलेज ऑफ द पॅसिफिकचे काय? डॉन्सनी त्यांना ४७-१४ असे लोळवले, आणि त्याच पॅसिफिकला १ जानेवारी १९५२ च्या सन बाऊलचे आमंत्रण मिळाले! हरलेला संघ बाऊलच्या लायकीचा आणि त्याला तुडवणारा नालायक, हे कुठले गणित? मुळात बाऊल म्हणजे स्पर्धेची अंतिम फेरी नव्हे. तिथे कोणाला बोलवायचे ते त्या शहरातली समिती ठरवायची. आमंत्रणावरून समितीची पसंती कळते, संघाची ताकद नाही.

ती पसंती कशी होती? डॉन्समध्ये ऑली मॅट्सन आणि बर्ल टोलर हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते. मॅट्सनने त्या हंगामात चेंडू घेऊन धावत १,५६६ यार्ड अंतर कापले, २१ टचडाउन केले (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेला). धावून कापलेल्या अंतरात देशात पहिला. या दोघांना मागे ठेवलेत तर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, वर्णभेद पाळणाऱ्या भागातल्या बाऊलमध्ये जागा मिळेल, असे संघाला कळवले गेले आणि सगळ्यांनी नकार दिला, हे त्यांच्या गोऱ्या सहकाऱ्यांनीच सांगितले आहे. त्यांना खोटे पाडायचे तर काळही बघा. त्याच ऑक्टोबरात ओक्लाहोमात ड्रेक विद्यापीठाच्या जॉनी ब्राइट या कृष्णवर्णीय खेळाडूचा जबडा भर सामन्यात फोडला गेला. त्या प्रसंगाच्या छायाचित्रांना पुढे पुलित्झर हा पत्रकारितेचा पुरस्कार मिळाला. न्यू ऑर्लिन्सच्या शुगर बाऊलमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पिट्सबर्गचा बॉबी ग्रियर, उतरला तो थेट १९५६ मध्ये, आणि तेव्हाही जॉर्जियाच्या गव्हर्नरने विरोध केला होता. एवढे असूनही ‘नंतर चिकटवले’ म्हणणे मला त्या मुलांवर अन्याय वाटतो.

राहिले फुटबॉल बंद होण्याचे. ते तोट्यामुळे बंद झाले. विद्यापीठाला खर्च झेपत नव्हता. खेळाच्या दर्जाशी त्याचा संबंध नाही. याच एका संघातले मॅट्सन, जिनो मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर असे तिघे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे सर्वश्रेष्ठ खेळाडूंच्या सन्मानयादीत, आहेत. टोलरचा गुडघा १९५२ मध्ये दुखावला, त्यामुळे तो व्यावसायिक खेळू शकला नाही. मात्र १९६५ मध्ये तो एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, पहिला कृष्णवर्णीय सामनाधिकारी झाला.