बीपीची गोळी कधी बंद करावी

चाळिशी आली की डॉक्टर मागे लागतात, बीपी बघा, शुगर बघा, वर्षातून एकदा लिपिड प्रोफाइल करा. अजिबात करू नका. तपासलं की निघतं, नाही तपासलं तर काही निघत नाही, विषय संपला. बीपी १७०/१०० असलं तरी बहुतेकांना काही दुखत नाही की खुपत नाही, मग कशाला मुद्दाम उकरून काढायचं?

आता कंपनीच्या मेडिकलमध्ये सापडलातच आणि गोळी सुरू झालीच, तर महिनाभर इमानदारीत घ्या आणि १२०/८० आलं रे आलं की बंद! बरं झालं ना, मग कशाला? ते गोळीमुळेच आलंय असं डॉक्टर म्हणणारच, त्यांना दुकान चालवायचंय. त्यापेक्षा सोसायटीच्या ग्रुपवर आलेला लसूण-आल्याचा काढा घ्या, पाठवणाऱ्या काकांची स्वतःची अँजिओप्लास्टी झालीय हा भाग वेगळा.

डब्ल्यूएचओ म्हणतं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा, म्हणजे जेमतेम चमचाभर. आपल्याकडे ताटात आधी मीठच वाढतात, वर पापड, लोणचं, ठेचा, आणि चार वाजता फरसाण. त्यांना काय कळणार. आठवड्याला १५० मिनिटं चालायला सांगतात ते मात्र ऐका, फक्त रूट मिसळवाल्यापाशी संपेल असा आखा. आणि तंबाखूचं म्हणाल तर आपण ओढत नाही, मळतो, फुफ्फुसात धूर जात नाही म्हणजे हार्टला पण काही होत नसणार, हे लॉजिक नाक्यावर एकदम पास आहे.

घरातल्या बाईला जिना चढताना धाप लागली, जबडा दुखला, तर दगदग झाली म्हणा आणि चहा मागा.

तुमच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं, डावा हात जड पडला, दरदरून घाम फुटला, तर ती ॲसिडिटीच. सोडा प्या, डाव्या कुशीवर पडा, तास-दोन तास वाट बघा. बायको घाबरली तर गेल्या दिवाळीतला नॉर्मल ईसीजी काढून दाखवा, तो पलंगावर निवांत पडून काढला होता आणि तसा ईसीजी ब्लॉकेज असतानाही नॉर्मल येऊ शकतो, हे बोलायची गरज नाही. १०८ ला फोन तर मुळीच करू नका, फुकट ॲम्ब्युलन्स येते म्हणजे काहीतरी गडबड असणार. स्वतःच बाइक काढा आणि निघालाच आहात तर वाटेत पेट्रोल पण टाकून घ्या.