उत्तर ठरलंय, आता माणसं गोळा करा

आराखडा मंजूर झाला, प्रश्नावली छापून आली, आता फक्त नमुना, म्हणजे उत्तरं देणारी माणसं, हवीत. नवखे संशोधक इथेच घोळ घालतात. पाठ्यपुस्तक उघडतात आणि त्यात लिहिलेलं चक्क खरं मानतात: आधी समष्टी, म्हणजे ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा ते सगळे लोक, ठरवा, तिची पूर्ण यादी मिळवा, मग यादृच्छिक, म्हणजे कुठलाही क्रम नसलेल्या, संख्यांची सारणी घेऊन नावं काढा. एवढा खटाटोप करून हाती काय लागतं? अनोळखी माणसं. ती फोन उचलत नाहीत, आणि उचललाच तर तुमच्या गृहीतकाच्या विरुद्ध बोलतात.

तुम्ही आपल्याच वर्गातले विद्यार्थी धरा. त्यांना पळता येत नाही, अंतर्गत गुण तुमच्या हातात असतात, आणि 'स्वेच्छेने सहभागी' या ओळीखाली ते निमूट सही करतात. लाजायचं कारण नाही, या प्रथेला मोठी परंपरा आहे. मानसशास्त्राचा डोलारा पाश्चात्त्य, सुशिक्षित, सुखवस्तू सहभागींवर आणि त्यातही विद्यार्थ्यांवर उभा असल्याचं संशोधक जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवून दिलं. तरी 'माणूस असा वागतो' हे वाक्य आजही सुखाने नांदतंय. हाताशी सापडलेल्या अशा माणसांना 'सोयीस्कर नमुना' म्हणतात; तसं म्हणायला जीभ अडखळत असेल तर 'सहेतुक निवड' लिहा. हेतू होताच की!

नाहीतर अर्जाची लिंक मित्राला पाठवा आणि पुढे पाठवायला सांगा. याला स्नोबॉल पद्धत म्हणतात. ती मुळात ज्यांची यादीच होऊ शकत नाही अशा लपून राहणाऱ्या लोकांसाठी, उदाहरणार्थ अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्यांसाठी, वापरली जाते. तुमचे मित्र कुठे लपलेले नाहीत, पण ते कोण बघतंय?

कोणी खोचक विचारलंच, तर आकडा तोंडावर फेका. मोठ्या आकड्यापुढे भलेभले गप्प बसतात. 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकी साप्ताहिकाने 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या आणि 23 लाखांहून अधिक परत मिळवल्या. पत्ते घेतले टेलिफोनच्या आणि मोटारींच्या नोंदींतून. महामंदीत फोन आणि मोटार कोणाकडे असते, हा क्षुद्र प्रश्न त्यांनी मनाला लावून घेतला नाही. तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी पत्रिका परतच का धाडल्या नाहीत, हेही विचारलं नाही. अंदाज निघाला: अध्यक्ष रूझवेल्टना हरवून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार. प्रत्यक्षात 48 पैकी 46 राज्यं रूझवेल्टनी घेतली. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने कितीतरी लहान नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला होता. साप्ताहिक 1938 मध्ये बंद पडलं.

लोक यातून भलताच धडा घेतात. साप्ताहिकाची खरी चूक एकच: ज्याचा निकाल लागतो असा विषय निवडला! तुम्ही समाधान, ताण, जीवनमूल्ये असलं काहीतरी घ्या. तिथे मतमोजणीचा दिवस कधीच उजाडत नाही.

(गॅलपला फार डोक्यावर घेऊ नका. 1948 च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी इतक्या स्त्रिया, इतके पुरुष असा कोटा भरून त्यानेही आपल्या अंदाजात अध्यक्ष ट्रुमनना पाडलं होतं. कोट्याच्या आत कोणाला गाठायचं ते मुलाखतकाराच्या मर्जीवर असतं. ट्रुमन निवडून आले.)

मार्गदर्शक हट्टीच निघाले आणि चिठ्ठ्याच टाका म्हणाले, तर टाका, पण ढवळू नका. व्हिएतनाम युद्धासाठी कोणाला आधी बोलवायचं हे ठरवायला अमेरिकेत 1 डिसेंबर 1969 रोजी 366 जन्मतारखांच्या कुप्या काढल्या. त्या धड मिसळल्याच नव्हत्या, म्हणून डिसेंबरात जन्मलेल्या पोरांना भराभर आधी बोलावण्याचे क्रमांक लागले. सोडत मात्र जाहीर, सर्वांसमोर.

शितावरून भाताची परीक्षा होते, असंही कोणी ऐकवेल. होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आधणात शिजलेला असतो. माणसं तशी शिजत नाहीत. तुम्ही वरचं फुललेलं शीत उचला आणि तळाला पळी लावू नका.

शेवटून दुसऱ्या पानावर 'मर्यादा' हे प्रकरण घाला: 'नमुना सोयीस्कर असल्याने निष्कर्ष सर्वांना लागू करताना सावधगिरी बाळगावी.' पहिल्या पानावर, सारांशात, 'आजची तरुण पिढी' असं ठणकावून लिहा. दोन्ही पानं सलग कोणी वाचत नाही. परीक्षक वाचतील अशी भीती वाटते? त्यांच्याही प्रबंधात शेवटून दुसरं पान हेच आहे.