पाठांतर नको, पॅटर्न दाखवा

मुलांकडून रोज दहा इंग्रजी स्पेलिंग पाठ करून घ्या असं इंग्रजी शिकवण्यावरच्या एका लेखात म्हटलंय ते मला अजिबात पटलं नाही. मी मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवते, मुलं नुसती एकेक अक्षर घोकत बसतात हो. त्यापेक्षा फळ्यावर हॉप आणि होप शेजारी शेजारी लिहा, शेवटी ई आला की उच्चार कसा बदलतो ते मुलांना आपोआप दिसतं, मग आयएनजी लावायला सांगा, हॉपिंगमध्ये पी डबल होतो आणि होपिंगमध्ये ई जाऊन पी एकच राहतो, हे एकदा डोक्यात बसलं की रनिंग, सिटिंग, मेकिंग, रायडिंग न सांगता बरोबर लिहितात. कवितेचंही तेच, आधी तालात मोठ्याने म्हणून घ्या, लाइट-नाइट-ब्राइट यमकात आले की आयजीएचटी वेगळं शिकवावंच लागत नाही. प्रश्नोत्तरं नंतर. इडियम्सच्या, म्हणजे वाक्प्रचारांच्या, लांबलचक याद्या तर बंदच करा प्लीज, गोष्टीत एखादा आला की तेवढाच घ्यायचा. आणि पॅसिव्ह व्हॉइस (कर्मणी प्रयोग) म्हणजे नुसती वाक्यं उलटी करणं नाही, 'द विंडो वॉज ब्रोकन' कधी म्हणतात, तर कोणी फोडली ते माहीत नसतं किंवा सांगायचं नसतं तेव्हा, यावर वर्गात मुलं जाम बोलतात!