सातबारा मागितला की चेहरा का पडतो?

नाशिकच्या मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी अशा तिन्ही दिशांना गेले वर्षभर घरासाठी मोकळा प्लॉट शोधतो आहे, आणि प्रत्येक ठिकाणी एजंटकडून तेच वाक्य ऐकून आता माझा संयम सुटत चालला आहे: "साहेब, एनए (बिनशेती) होणारच आहे, तुम्ही टोकन देऊन ठेवा." होणार आहे म्हणजे झालेले नाही, एवढे साधे मराठी मला कळते. परवा द्राक्षबागेच्या कडेला चुन्याच्या रेघा मारून दाखवलेल्या दोन गुंठ्यांचा, म्हणजे 2178 चौरस फुटांचा, सातबारा मी मागितला, तेव्हा अर्ध्या तासाने मोबाईलवर जो फोटो आला त्यात सामाईक क्षेत्रावर अकरा नावे होती आणि इतर हक्कांत सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता. मंजूर ले-आउट मागितला, तर रंगीत माहितीपत्रक हातात ठेवले. दर विचारला की मात्र 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याचा हवाला तत्काळ मिळतो. आयुष्यभराची पुंजी घालणाऱ्या माणसाने फेरफार (मालकीबदलाच्या नोंदी), मोजणीचा नकाशा आणि पोहोच रस्त्याची नोंद पाहायला मागणे हा या एजंटांना अविश्वास का वाटावा? कागद पूर्ण नसतील, तर कृपया आमचा रविवार घेऊ नका.