उपटून झालं. पुढं?

कबुलीनं सुरुवात करते. आमच्या घरामागच्या ओढ्याच्या काठाला जी पिवळीधमक फुलं पसरलीत, ज्यांचे फोटो कॉलनीतल्या दोघीतिघींनी 'शुभ सकाळ'ला वापरलेत, ती माझी करणी आहे. लावली नाहीत मी. फेकली.

सहा वर्षांपूर्वी कोल्हापुरात, कळंब्याच्या बाजूला घर बांधलं. पुढची गुंठाभर जागा उघडी पडली होती. मुरूम, खडी, सिमेंटचे गोळे. लॉनचा खर्च ऐकून आमच्या ह्यांनी हात जोडले. मग एका नर्सरीत सल्ला मिळाला, "वैनी, वेडेलिया न्या. पाणी नको, खत नको, बघायलासुद्धा नको." शेवटचं तेवढं खोटं निघालं, बाकी अक्षरशः खरं.

पहिल्या पावसाळ्यात जागा झाकली, आम्ही खूश. दुसऱ्या पावसाळ्यात अबोली दिसेनाशी झाली. तिसऱ्या वर्षी गवती चहाचं बेट हिरव्या गादीखाली गेलं तेव्हा खुरपं घेऊन बसले. ही वेल ओढली की सरसर हातात येते, वाटतं झालं काम. पण आलेली असते ती नुसती वरची दोरी. प्रत्येक पेराला खाली पांढरी मुळं असतात आणि ओढताना वेल नेमकी पेरापाशीच तुटते. मातीत राहिलेल्या बोटभर तुकड्याला थोड्याच दिवसांत दोन पानं. म्हणजे मी तण काढत नव्हते, कलमं बांधत होते. तरी चार दिवस कंबर मोडून तीन पोती काढली आणि मागच्या भिंतीवरून ओढ्याकडं रिकामी केली. हिरवा कचरा, कुजून जाईल म्हणून.

जून लागला, ओढ्याला पाणी आलं, आणि माझी तीन पोती खालच्या पुलापर्यंत पोचली.

नंतर वाचायला लागले. मूळची मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडची ही वेल. आययूसीएन या जागतिक संस्थेनं जगभरातल्या सगळ्यात उपद्रवी अशा शंभर परक्या प्रजातींची यादी केलीय, त्यात ती आहे. घाणेरी आहे, रानमोडी आहे, जलपर्णी आहे, सुबाभूळही आहे. यादी वाचताना अंगावर काटा आला, कारण ही सगळी मंडळी माझ्या दारापासून स्कूटरनं दोन तासांच्या आत भेटतात. आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आपणच हार घालून आणलंय. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून कलकत्त्याच्या बागेत आली. सुबाभूळ तर सरकारी उत्साहात, चारा आणि जळण म्हणून बांधाबांधावर लागली. तेव्हा तिला विरोध करणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. त्यामुळं नर्सरीवाल्यावर मी फार चिडत नाही. त्यानं मागणी तसा पुरवठा केला.

आता दुसरी बाजू. मागच्या दसऱ्याच्या आधी मैत्रिणीनं पन्हाळ्याच्या रस्त्याकडेच्या केशरी-पिवळ्या फुलांचा फोटो टाकला, 'आपलं मिनी कास'. मी खाली लिहिलं, अगं ही सोनकी नव्हे, कॉसमॉस आहे, मेक्सिकोचा. त्यावर तिचा भाचा लिहितो, "मावशी, आता फुलांचं पण आधारकार्ड बघणार काय?"

पोरगं चुकीचं बोललं नाही. आधारकार्डावर जायचं तर पहिली धाड माझ्या स्वयंपाकघरावर पडेल. मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर आलेली. ती काढून टाकली तर तांबडा रस्सा तांबडा राहील का? मिसळीच्या कटाचं काय होईल? बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, पेरू, सीताफळ, सगळे तिकडचे. दसऱ्याला चौकटीला बांधतो तो झेंडूसुद्धा. पण मिरचीला कुणीतरी रोप लावावं लागतं, पाणी घालावं लागतं, बोकड्या रोगाला औषध मारावं लागतं. मिरची राधानगरीच्या रानात घुसून कारवीला हुसकून लावतेय असं मी अजून ऐकलेलं नाही. गुलमोहरही मादागास्करचा, पण जिथं लावला तिथं गुमान उभा राहतो. गाव कुठलं हे बघूच नये, पाहुणा वागतो कसा ते बघावं. 'कसेल त्याची जमीन' असा आपल्याकडं कायदा झाला. रानमोडीनं आणि कॉसमॉसनं तो 'उगवेल त्याची जमीन' असा वाचला.

रानमोडी कळायला माझ्या माहेरी यावं लागेल. भुदरगड तालुक्यात, गारगोटीच्या पुढं. गावाच्या वर गायरान आहे. लहानपणी तिथं पावसाळ्यानंतर कमरेएवढं गवत असायचं. पवना, मारवेल, कुसळी. कुसळीनं परकर भरून यायचा आणि रात्री आई दिव्याखाली एकेक कुसळ उपसत बसायची. आज तिथं डोक्याच्या वर रानमोडी आहे. नावातच सगळं आलं, रान मोडणारी. जनावर तोंड लावत नाही. डिसेंबर-जानेवारीत पांढुरकी-जांभळट फुलं येतात, मग म्हातारीच्या केसांसारखं बी वाऱ्यावर सुटतं. वर आपल्याकडं वणवे लावायची खोड आहे. जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं म्हणे. पूर्वी येतही असेल. आता वाळलेली रानमोडी रॉकेल टाकल्यासारखी पेटते, आजूबाजूची करवंदं, निर्गुडी, पोराएवढी झालेली झाडं होरपळतात आणि ही बुडख्यातनं परत फुटते.

दाजीपूरकडचे लोक म्हणतात की गवे शेतात उतरायचं कारण हेच, रानात चरायला गवत उरलं नाही. अभयारण्य १९५८ पासूनचं, गव्यांसाठीच राखलेलं, आणि गवा मात्र उसात. मला वाटतं यात उसाचाही वाटा मोठा आहे. पायथ्याशी बारमाही हिरवंगार ताट वाढून ठेवल्यावर कोण डोंगर चढेल? पण गवत गेलं हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर चार वर्षांपूर्वी आम्ही तीसेक जण त्या गायरानावर गेलो. कोल्हापुरातनं टेम्पो करून, टोप्या छापून. डिसेंबरचा शेवटचा रविवार, कारण सगळ्यांना सुट्टी. कोयत्यानं सपासप तोडली. दुपारपर्यंत अर्धा एकर साफ. झुणका-भाकर झाली, फोटो झाले, फोटोंखाली 'नाद खुळा' झाला. पुढच्या ऑगस्टमध्ये बेंदराचा फराळ द्यायला उशिरा का होईना गेले आणि वर जाऊन बघितलं. जिथं एक खोड होतं तिथं पाच फुटवे. तोडलेला अर्धा एकर न तोडलेल्यापेक्षा दाट.

आमची थोरली आक्का, चुलत बहीण, सत्तरीची. तिला म्हटलं, असं कसं झालं गं? ती भांगलत होती, मान वर न करता म्हणाली, "तुमी आलासा, तोडलासा, फोटू काडलासा, गेलासा. भुई उघडी टाकून गेलासा. उघड्या भुईत कोण ईल? ज्याचं बी आदीच पडलंय त्योच की."

एवढ्या वाक्यासाठी मी इतके दिवस पुस्तकं चाळत होते. आमच्या चुका तिनं तिथंच मोजल्या. फुलोऱ्यात तोडली, म्हणजे हलवून हलवून बी पेरलं. वरनं तोडली, मूळ ठेवलं. आणि मोकळी झालेली जागा कुणालाच दिली नाही. हीच आक्का, गंमत बघा, विळा लागला की रानमोडीचा पाला चोळून रस जखमेवर पिळते. रक्त थांबतं म्हणते. रानमोडीशी तिचं वैर नाही. "हाय ती हाय. पर समदी भुई तिची न्हाई."

घाणेरीसाठी एक पद्धत दिल्ली विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांनी रुजवली, ती मला फार पटली कारण तीही आक्काच्याच चालीची आहे. झुडपाच्या फांद्यांशी कुस्ती करत बसायचं नाही. कुदळीनं जमिनीखाली दोन-तीन बोटं, जिथनं फुटवे येतात त्याच्या खाली, मुख्य मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडं करून वाळायला ठेवायचं. फळं धरायच्या आत. मग बुलबुल, साळुंक्या ज्या झाडांवर बसतात त्यांच्याखाली पुढची दोन-तीन वर्षं जाऊन रोपं वेचायची, कारण बी तिथंच पडतं. आणि लगेच त्या जागेत गवत, स्थानिक झुडपं आणायची. काम सगळं शेवटच्या दोन वाक्यांत आहे, आणि नेमकं तिथं टोपी घालून कुणी येत नाही.

शहरात या, पंचगंगेवर. आपल्याकडं जलपर्णी कुणी म्हणत नाही, केंदाळ म्हणतात. दर उन्हाळ्यात बातमी ठरलेली: केंदाळ वाढलं, पोकलेन लावला, इतके ट्रॉली काढलं. रंकाळ्यानंही हे भोगलंय. पण केंदाळ कुठं वाढतं बघा. पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, पाणी अडतं, संथ होतं. त्या संथ पाण्यात नाल्यांतनं सांडपाणी येतं, साबण येतो, वरच्या उसातला युरिया येतो. केंदाळाला हेच जेवण. असं जेवण मिळालं की पंधरवड्यात दुप्पट होतं, आणि त्याचं बी गाळात वीस वर्षं जिवंत राहू शकतं. जूनमध्ये बरगे काढले, पहिला लोंढा आला की सगळा हिरवा गालिचा खाली शिरोळकडं. आपली नदी स्वच्छ, त्यांच्या बंधाऱ्याला फास. ते ओरडतात, आपण पुढच्या वर्षीची निविदा काढतो. मी ओढ्यात पोती टाकली तेव्हा नेमकं हेच केलं होतं, लहान प्रमाणात. यंत्र लावू नये असं नाही. पाण्यावर ऊन पोचायला, मासा जगायला ते काढावंच लागतं. पण जोवर नाल्याचं पाणी शुद्ध होऊन नदीत जात नाही तोवर पोकलेन म्हणजे केंदाळाची हजामत. केस परत येणारच.

काँग्रेस गवताबद्दल, म्हणजेच गाजर गवताबद्दल, थोडंच. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं, आयात गव्हाबरोबर आलं असं सांगतात, आता बांधावर, प्लॉटवर, शाळेच्या मैदानावर सगळीकडं. एका झाडाला पंधरा-वीस हजार बिया. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत जागृती सप्ताह असतो. आपल्याकडं जूनमध्ये उगवलेलं तोवर फुलून मोकळं झालेलं असतं. जुलैतच, माती ओली असताना, फुलाआधी, हातमोजे घालून उपटा. हातमोजे विसरू नका. माझ्या भावाच्या मानेला आणि कोपराला जी खाज लागली ती अजून दर पावसाळ्यात येते. टाकळा जिथं दाट येतो तिथं हे गवत दबकून असतं, म्हणून टाकळा मुळासकट उपटू नका. कोवळा शेंडा खुडा, भाजी करा, झाड राहू द्या.

आणखी एक गोष्ट नेहमी ऐकते: यातनं उद्योग उभा करा. कर्नाटकात मलेमहादेश्वर डोंगरात सोलिगा लोक घाणेरीच्या काठ्यांचं फर्निचर करतात. निलगिरीकडं खऱ्या आकाराचे हत्ती केलेत तिच्याच काठ्यांचे, ते लंडनपर्यंत जाऊन आले. हाताला काम मिळतं, छानच आहे. मला फक्त एक भीती वाटते. ज्या दिवशी घाणेरीची खुर्ची चांगली खपायला लागेल, त्या दिवशी कुणीतरी घाणेरी लावायला सुरुवात करेल. आपल्या माणसांना मी ओळखते.

आता माझ्या ओढ्याचं. गेल्या वर्षी जूनपासून मी आणि ह्यांनी शनिवारचा एक तास धरलाय. सगळा काठ नाही, दहा पावलं. खुरप्यानं पेरं शोधायची, तुकडा न् तुकडा घमेल्यात, घमेल्यातनं काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून गच्चीवर उन्हात. दोन महिन्यांनी पिशवी उघडली तर काळा चिखल होता, एकही पेर जिवंत नाही. त्याचं खत अबोलीला घातलं, सूड म्हणून. मोकळ्या झालेल्या दहा पावलांत लगेच गवत हवं होतं. नर्सरीत मारवेल मागितली तर माणूस माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "गवत विकत?"

शेवटी आक्काला फोन केला. तिनं बांधावरची ठोंबं काढली, गोणपाटात ओली करून बांधली आणि गारगोटीच्या गाडीनं आलेल्या पुतण्याच्या हातात दिली. मी स्टँडवर घ्यायला गेले. पुतण्या खाली उतरला तो हसतच, कंडक्टरनं गोणपाट उघडायला लावलं होतं, आत गवत बघून म्हणाला, "आरं, कोल्हापुरात म्हस घेतलीस काय?"

तीस ठोंबं होती. सव्वीस धरलीत.